सदुसष्ट लाख चारशे सतरा

मिस्त्री एकतीस वर्षं फरश्या बसवत होते, आणि त्यातली निदान तीस वर्षं तरी गिऱ्हाइकांशी आकड्यांवरून भांडत होते.

गिऱ्हाईक म्हणायचं, "दुकानात या जातीच्या सत्त्याण्णव फरश्या शिल्लक होत्या, सगळ्या उचलल्या. मागची खोली होईल ना तेवढ्यात?"

मिस्त्री खोलीकडे बघायचेच नाहीत. ते आधी सत्त्याण्णवकडे बघायचे.

"एक दुकानातच ठेवून आला असतात तर काय बिघडलं असतं?"

"का हो?"

"शहाण्णव हा गुणी आकडा. आठाच्या बारा ओळी घाला, सहाच्या सोळा घाला, चाराच्या चोवीस घाला, कुठल्याही खोलीत मुकाट्याने बसतो. सत्त्याण्णवची एकच ओळ होते. तुमच्याकडे एक फरशी रुंद आणि सत्त्याण्णव फरश्या लांब अशी खोली आहे का?"

गिऱ्हाइकाकडे तशी खोली नसायची. मग मिस्त्री सुस्कारा टाकून एक फरशी बाजूला काढायचे, आणि संध्याकाळी तीच फरशी पिशवीत घालून घरी आणायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्रींना हट्टी आकड्यांचा राग आहे. खरं म्हणजे उलटं होतं. गुणी आकडा दिवसभर हाताखालून जायचा आणि विसरला जायचा. हट्टी आकडा मात्र जेवताना आठवायचा.

शाळा त्यांनी सातवीतच सोडली होती. गणितात पहिला नंबर आणि बाकी सगळ्यात गटांगळी, त्यामुळे सरासरी काढल्यावर मास्तरांचाही नाइलाज झाला. वडील फरशीकाम करत होतेच. मिस्त्रींच्या हातात थापी आली आणि गणित डोक्यात तसंच राहिलं, घरात पाहुणा राहून जावा आणि परत जायचं नावच काढू नये तसं.

मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी आहे. वजन एकोणतीसशे ग्रॅम."

"बरोबर एकोणतीसशे?"

"काट्यावर दोन हजार आठशे सत्त्याण्णव दाखवतंय. पण एकोणतीसशेच म्हणा."

"का म्हणा?" मिस्त्री भडकले. "मुलगी आहे की सिमेंट?"

मग ते दवाखान्याच्या बाकावर बसून तळहातावर पेनने भागाकार करत राहिले. तळहात भरला, मनगट भरलं, कोपरापर्यंत मजल गेली. तासाभराने ते बायकोच्या खाटेपाशी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"कशानेच जात नाही गं," ते गहिवरून म्हणाले.

बायकोला वाटलं, पोरीचं काहीतरी दुखतंय आणि ते कुठल्याच औषधाने जात नाहीये. तिने जो टाहो फोडला त्याने अख्खा मजला जागा झाला. नर्सने मिस्त्रींना बाहेर काढलं आणि हात धुवून यायला सांगितलं.

तर असे मिस्त्री. त्यांच्या घरी टेलिफोन आला तिथून पुढची ही हकीकत आहे.

टेलिफोनची हौस मिस्त्रींची नव्हती, बायकोची होती. ती घरी शिवणकाम करायची. तिची धाकटी बहीण लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती, आणि बायकोचं म्हणणं असं की पत्रातून भांडण रंगत नाही. आपण आज बोलावं आणि तिने आठ दिवसांनी उत्तर द्यावं, तोवर आपला राग निवलेला असतो. म्हणून तिने नाव नोंदवलं. सहा वर्षांनी नंबर लागला. लाइनमन आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, तार ओढली, काळं यंत्र शिवणयंत्राशेजारच्या तिपाईवर ठेवलं आणि बायकोच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ६७००४१७.

"सदुसष्ट, शून्य शून्य, चारशे सतरा," बायकोने दोनदा घोकलं. "लक्षात ठेवायला सोपा आहे."

मिस्त्री कामावरून आले, त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि दारातच थबकले.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "तार वाकडी मारली का त्याने?"

"सदुसष्ट लाख चारशे सतरा," मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांनी चप्पलही काढली नव्हती. "तिनाने जात नाही. साताने तीन उरतात. अकराने नऊ. तेराने पुन्हा नऊ..."

चहा निवला. जेवायची वेळ होईपर्यंत ते त्रेपन्नपर्यंत पोचले होते. त्रेपन्नने एक्कावन्न उरले. आणखी दोन असते तर आकडा गेला असता, पण ते दोन नव्हते. एवढ्या मोठ्या आकड्याच्या घरात एकही माणूस दार उघडत नाही, ही गोष्ट साधी नव्हती.

त्या आठवड्यात त्यांचं काम गणिताच्या एका निवृत्त बाईंकडे चालू होतं. बाथरूमची फरशी. बाईंची शिकवून शिकवून अशी सवय झाली होती की त्या मिस्त्रींनाही "समजलं का?" असं विचारायच्या. मिस्त्रींनी फरशीच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहून त्यांच्यापुढे धरला.

"बाई, हा कशानेच जात नाही असं वाटतंय. पण सदुसष्ट लाखांपर्यंत भागत गेलो तर मी मरेन. काही जवळचा रस्ता आहे का?"

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली आणला. तीस वर्षांत त्यांना कुणी आपण होऊन असा प्रश्न विचारला नव्हता.

"सगळ्यांनी कशाला भागता? त्याचं वर्गमूळ किती? अडीच हजारांच्या जरा वर. दोन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत बघा, पुरे. त्यापेक्षा मोठ्या संख्येने जात असेल तर जोडीदार त्याहून लहानच असणार, आणि तो तुम्हाला आधीच सापडला असणार. समजलं का?"

मिस्त्रींना लगेच समजलं. फरशी एका बाजूने मोजली की दुसरी बाजू आपोआप कळते.

"आणि तेवढ्यांतही फक्त मूळ संख्यांनी भागा. जी स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानेच जात नाही, ती मूळ संख्या. दोनाने गेली नाही ती चाराने कशी जाईल?"

त्या दिवशी बाथरूमची एक ओळ वाकडी बसली. मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यातली ती पहिली वाकडी ओळ, आणि बाईंनी ती बदलू दिली नाही.

घरी आल्यावर मिस्त्रींनी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या फाडून कागद पसरला, त्यावर दोनपासून दोन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत सगळे आकडे लिहिले आणि एकेकाला खोडत सुटले. दोनाच्या पाढ्यातले गेले, तिनाच्या पाढ्यातले गेले, पाचाचे, साताचे, अकराचे. पंधरा दिवसांनी कागदावर तीनशे शहात्तर आकडे उभे राहिले. तीनशे शहात्तर भागाकार. रोज संध्याकाळी दोन आणि रविवारी पाच असा बेत ठरला.

मुलगी तोवर कॉलेजात जाऊ लागली होती. तिने आपला कॅल्क्युलेटर पुढे केला. मिस्त्रींनी तो एकदा वापरून बघितला आणि परत दिला.

"हा बाकी सांगत नाही. टिंब देतो आणि मागे आकड्यांची रांग लावतो. किती उरले ते विचारलं तर माणसाने सरळ सांगावं."

असे अडीच महिने गेले. आल्यागेल्याला पहिल्यांदा मौज वाटायची, मग काळजी वाटू लागली. शेजारी बायकोला विचारायचे, "मिस्त्री हल्ली कसले हिशेब करतात? काही अडचण आहे का?" बायको म्हणायची, "अडचण नाही हो, फोन भागतायत." शेजारी मान हलवून निघून जायचे आणि घरी गेल्यावर दार जरा घट्ट लावायचे.

आणि मग एका संध्याकाळी एकशे चौऱ्याहत्तरावा भागाकार आला. भाजक एक हजार तेहेतीस. मिस्त्रींनी भागलं, खाली बघितलं, आणि पेन्सिल ठेवली.

बाकी शून्य होती.

कागदाची घडी करून उठले, तोंड धुतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला वाढलं तर म्हणाले, भूक नाही. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"अहो, झालं काय?"

"गेला."

"कोण गेला?" बायकोने घाबरून विचारलं. तिच्या सासरच्या माणसांत चार म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली होती.

"एक हजार तेहेतीसने गेला. सहाशे एकोणपन्नास आले, बाकी काही नाही. साधाच निघाला आकडा. चारचौघांसारखा."

बायकोचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ तिला राग आला, आणि मग नवऱ्याच्या पाठीकडे बघून वाईटही वाटलं. तिने कागद उघडला. तिला भागाकार आवडत नसे, पण अंदाज तिचा पक्का होता. कापडाकडे नुसतं बघून ती दोन झगे होतील की तीन, हे सांगायची.

"सदुसष्ट लाखाला हजाराने भागलं तर किती यायला हवेत?" तिने विचारलं.

"सहा हजार सातशे. त्याच्या आसपास."

"मग सहाशे कुठून आले? एवढं कापड आटलं कुठे?"

मिस्त्री भिंतीकडून वळले. बायकोने कागदावर बोट ठेवलं. मिस्त्रींनी वर लिहिलं होतं ६७०४१७. मधलं एक शून्य लिहायचंच राहून गेलं होतं.

त्यांनी तिथेच नव्याने भागाकार केला. बाकी तीनशे एकोणऐंशी. मग ते उठले, ताटावर बसले आणि नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त जेवले. त्या दिवसापासून नियम ठरला : भागाकार मिस्त्रींनी करायचा आणि गुणाकार करून ताळा बायकोने बघायचा. ती कुरकुरली, पण एका हाताने शिवणयंत्राचं चाक फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने ताळे करू लागली.

शेवटचा भागाकार एका रविवारी दुपारी झाला. दोन हजार पाचशे एकोणऐंशीने एकशे पंचाहत्तर उरले. बायकोने ताळा पाहून मान डोलावली. मिस्त्री बाहेर गेले, मिठाईचा पुडा घेऊन आले आणि आळीतल्या प्रत्येक दारात उभे राहिले.

"काय मिस्त्री, मुलीचं ठरलं वाटतं?"

"नाही, आमचा फोन मूळ निघाला."

लोकांनी मिठाई घेतली. अभिनंदन करायचं की धीर द्यायचा, ते कुणालाच कळेना.

गणिताच्या बाईंकडे ते वेगळा पुडा घेऊन गेले. बाईंनी मिठाई बाजूला ठेवली आणि कागद मागितला.

"चाराने भागून किती उरतो हा?"

"एक."

"मग अजून एक गंमत आहे. चाराने भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते. दरवेळी, आणि एकाच प्रकारे. सिद्धता विचारू नका, आता आठवत नाही मला. पण ते दोन वर्ग आहेत हे नक्की. कुठले, ते तुम्ही शोधा."

मिस्त्री जिन्याच्या पायरीवरच बसले. इतके महिने त्यांना एवढंच ठाऊक होतं की सदुसष्ट लाख चारशे सतरा फरश्यांची एकसंध खोली होत नाही. एक फरशी रुंद बोळ तेवढा होतो. आता बाई सांगत होत्या की त्याच फरश्यांची दोन चौरस दालनं होतात, एकही न उरता आणि एकही न फोडता. फक्त कोणत्या मापाची ते कळत नव्हतं.

पुन्हा सिमेंटचा कागद आला. मिस्त्रींनी एकापासून सुरुवात केली. एकाचा वर्ग वजा करा, उरलेला वर्ग आहे का बघा. दोनाचा वर्ग वजा करा, बघा. दोन, तीन, सात किंवा आठ शेवटी आले तर वर्ग असूच शकत नाही, ही खूण बाईंनी सांगितली होती, म्हणून निम्मं काम हलकं झालं. तरी दोन महिने लागले. चारशे नवव्या खेपेला पासष्ट लाख तेहेतीस हजार एकशे छत्तीस उरले, आणि तो दोन हजार पाचशे छप्पनचा वर्ग निघाला.

मिस्त्रींनी कागदावर दोन चौकोन काढले, एक भलाथोरला आणि एक त्याच्या पायाशी लहानगा. बायकोला बोलावलं.

"हे बघ. या बाजूने दोन हजार पाचशे छप्पन, त्या बाजूने तेवढ्याच. आणि हे छोटं दालन चारशे नऊचं."

बायको बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. "पण एवढी फरशी पुसणार कोण?"

पुढची सहा वर्षं मिस्त्री त्या आकड्याच्या धुंदीत होते. मुलीचं लग्न झालं, जावयाला फोन नंबर देताना त्यांनी दोन वर्गही लिहून दिले. चुकून कुणाचा फोन लागला तर ते रागवत नसत. "चुकीचा नंबर आहे, पण चांगला आहे," असं सांगून ठेवत.

आणि मग खात्याचं छापील पत्र आलं. शहरात टेलिफोन वाढल्यामुळे येत्या एक तारखेपासून सर्व क्रमांकांच्या आधी दोन हा आकडा लावण्यात येईल, ग्राहकांनी नोंद घ्यावी.

मिस्त्रींनी नोंद घेतली. दोन आणि सहा आठ, आठ आणि सात पंधरा, चार एकोणीस, एक वीस, सात सत्तावीस. त्यांनी पुन्हा बेरीज केली. सत्तावीसच.

"नऊ!" ते ओरडले. "नऊ गं! आकड्यांची बेरीज सत्तावीस म्हणजे नऊने जातो. चौथीतलं पोरही बोटं मोजून सांगेल!"

"बरं मग?" बायको म्हणाली. "फोन तर लागेल ना?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धुतलेला सदरा घालून टेलिफोन ऑफिसात गेले. 'चौकशी व तक्रार' लिहिलेल्या खिडकीत सर्दी झालेल्या एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी अर्ज घेतला आणि वाचू लागल्या.

"'माझा क्रमांक एक तारखेपासून नऊने भागला जाणार आहे...'" त्या थांबल्या, नाक पुसलं, पुन्हा वाचलं. "फोन बंद आहे का?"

"नाही."

"खरखर येते?"

"नाही."

"मग भागला जाणार म्हणजे काय? तुमचा फोन नऊ घरांत वाजतो का?"

"वाजत नाही हो. आकडा भागला जातो. आत्ता तो कशानेच जात नाही. मी पाच महिने बघितलंय."

मॅडमनी वर बघितलं. माणूस भांडखोर वाटत नव्हता. रांगेत मिस्त्रींच्या मागे रंगांच्या दुकानाचे शेठ उभे होते. ते पुढे सरसावले.

"अहो, नंबर म्हणजे आमचा बघा! सातवर सात, सात वेळा सात. तीन वर्षं खेटे घातले तेव्हा मिळाला. आहे का तोड?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे कणवेने पाहिलं. "शेठ, तुमच्या गाडीवर रंगवलेला वाचलाय मी. सांगू नये, पण तो साताने जातो."

"जातो म्हणजे?"

"आत अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा राहतात. आणि तेही दोनशे एकोणचाळीसने जातात."

डॉक्टरांनी फोटोत काहीतरी दिसतंय म्हणावं तसा शेठचा चेहरा झाला. "मग आता काय करायचं?"

"काही नाही. सवय होते."

एवढ्यात रांगेतल्या एका बाईंनी आपला नंबर पुढे केला. शेवटी पाच होता, मिस्त्रींनी नुसती मान हलवली. दुसऱ्याचा सम निघाला. तिसऱ्याचा तिनाने गेला. कुणीतरी स्टूल आणून दिलं. दहा मिनिटांत बिलाच्या खिडकीपुढची रांगही मोडून इकडे आली आणि एकेक जण आपला निकाल ऐकून खाली मान घालून बाजूला होऊ लागला.

"तुम्हाला दोन नको तर काय हवं?" मॅडमनी आवाज चढवून विचारलं.

"शून्य लावा. शून्य पुढे लावलं की आकडा तोच राहतो."

"शून्य बाहेरगावच्या फोनला लागतं."

"मग बघा, पाच आणि आठ हे दोनाचेच भाऊबंद, लावले तर तिनाने जातो. तीन लावला तर तेराने जातो, सहा लावला तर साताने. सात लावला तर एकतीसने. नऊ लावला तर अकराने. सगळे बघून आलोय."

"एक?" मॅडम आता पेन्सिल घेऊन लिहून घेत होत्या. मग त्यांनीच जीभ चावली. "एक नाही देता येत. आग, पोलीस, दवाखाना."

"म्हणजे चार राहिला."

"मग चार चालेल तुम्हाला?"

मिस्त्री अवघडले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "अजून सांगता येत नाही. दोनशेपर्यंत बघितलं, कुणाला दाद देत नाही. पण जायचंय सहा हजार आठशेच्या पुढे. नऊशेच्या आसपास भागाकार आहेत. खात्याने वर्षभर थांबावं."

गलका ऐकून आतले साहेब बाहेर आले. त्यांनी अर्ज वाचला, गर्दी बघितली, स्टूल बघितलं. साहेब समजूतदार होते.

"मिस्त्री, तुमचा जुना नंबर कुठे जात नाहीये. दोनाच्या मागे तो अख्खाच्या अख्खा उभा आहे."

"साहेब, दोन कोटींच्या मागे उभा आहे," मिस्त्री म्हणाले. "फरशीत कुणी कुणाच्या मागे उभं राहत नाही. सगळ्यांना मिळून बसावं लागतं."

साहेबांनी अर्जावर सही केली.

तीन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. 'अर्जदाराच्या क्रमांकाची विभाज्यता हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. तथापि, भागाकारामुळे सेवेत व्यत्यय आल्यास अर्जदाराने पुन्हा संपर्क साधावा.' एक तारीख उजाडली. सकाळी आठला फोन वाजला. मेहुणी होती. "लागला की हो भाऊजी! काही फरक नाही," असं म्हणाली, आणि मिस्त्रींनी फोन बायकोकडे दिला.

आठ दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही. कुणी नंबर विचारला तर "दोन" असं पुटपुटायचे, मध्ये श्वास घ्यायचे आणि मग ठणठणीत आवाजात जुना नंबर सांगायचे. त्याचा परिणाम असा झाला की गिऱ्हाइकांना वाटलं, मिस्त्रींकडे दोन फोन आहेत. लोक जुनाच नंबर फिरवत राहिले आणि महिनाभर एकही काम आलं नाही.

शेवटी बायकोनेच ते तोडलं.

"नऊ नऊ काय करत बसलाय? नऊने जातो ना? मग नऊ काढून ठेवा बाजूला. शिवण उसवल्याशिवाय कापड कसं ते कळत नाही. आत काय आहे ते तरी बघितलंत का?"

मिस्त्रींनी बघितलं नव्हतं. रागाच्या भरात त्यांना ते सुचलंच नव्हतं. त्यांनी भागलं. एकोणतीस लाख सहासष्ट हजार सातशे तेरा. तिनाने पुन्हा जात नव्हता. साताने एक उरला. अकराने, तेराने नाही. जेवणाआधी ते शंभरच्या पुढे गेले आणि आकडा अजून तोंड मिटून होता.

चारच दिवसांनी एक फोन आला. आवाज नाकातून येत होता. "मिस्त्री, मी टेलिफोन ऑफिसातली. खिडकीतली. माझ्या घरचा नवा नंबर मी त्रेचाळीसपर्यंत बघितलाय. पुढे जाऊ का?" मिस्त्रींनी त्यांना वर्गमुळाची वाट समजावून सांगितली आणि शेवटी विचारलं, "समजलं का?"

आता मिस्त्रींचे गुडघे बसायला नको म्हणतात, म्हणून मोठी कामं त्यांनी सोडली आहेत. संध्याकाळी दोघं तिपाईच्या दोन बाजूंना बसतात. दोनशे एकेचाळीसला तीनच उरले तेव्हा मिस्त्री क्षणभर पांढरे पडले होते, पण बायकोने ताळा केला आणि तीन म्हणजे तीनच निघाले. काल तीनशे सात झाला. एकशे बहात्तर उरले.

"पुढचा?" बायकोने विचारलं.

"तीनशे अकरा."

"घ्या लवकर. सहा वाजता मला झगा द्यायला जायचंय."